शाळेच्या ग्रुपवर माझी फाइल फिरली. आता मी काय करू?

नमस्कार वकीलताई,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खासगी शाळेत शिकवते. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर झोप उडाली, जेवण जाईना, मनात नको ते विचार यायला लागले. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात काही दिवस ॲडमिट होते. आता गोळ्या चालू आहेत आणि मी बरी आहे. रजेच्या अर्जाला मेडिकल सर्टिफिकेट जोडलं होतं, रुजू होताना फिटनेसही दिलं. तरी आमच्या क्लार्कनी परस्पर हॉस्पिटलला फोन केला आणि रिसेप्शनवरून माझे सगळे पेपर त्यांच्या व्हॉट्सॲपवर आले. डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी, आणि पहिल्या दिवशी सासरबद्दल, नवऱ्याबद्दल मी डॉक्टरांना रडत रडत जे सांगितलं ती पानंसुद्धा. दोन दिवसांत ते स्टाफच्या ग्रुपवर होते. मुख्याध्यापक म्हणतात, मुलांच्या सुरक्षेसाठी आम्हाला माहीत असायलाच हवं. पहिलीचा वर्ग माझ्याकडून काढून घेतलाय. हॉस्पिटल म्हणतं, ॲडमिशनच्या फॉर्मवर तुमची सही आहे. भाऊ म्हणतो, सोडून दे, तक्रार केलीस तर गावभर होईल. हा गुन्हा आहे का? मी काय करू?

– एक शिक्षिका

ताई,

तुमचा भाऊ काळजीपोटी बोलतोय, म्हणून त्याच्यासाठी आधी एक गोष्ट सांगून टाकते. तुमच्या तक्रारीची एक वाट अशी आहे, जिथे सुनावणी बंद दाराआड होते, फी लागत नाही आणि गावात कुणाला कळायचं कारण नाही. तिच्याकडे येतेच. आणि रात्री परत जड जायला लागलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तक्रारीच्या धावपळीत डॉक्टरांची तारीख चुकवू नका.

आता मुख्याध्यापकांचं म्हणणं, कारण त्याच एका वाक्यानं तुम्हाला गप्प केलंय. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे तुमचं मानसिक आरोग्य, त्यावरचे उपचार, इतकंच नव्हे तर शारीरिक उपचार यांबद्दलची गोपनीयता हा तुमचा हक्क आहे, आणि उपचारात मिळालेली माहिती जपणं हे उपचार करणाऱ्यांचं कर्तव्य. कलम २४ तर जणू तुमचं पत्र वाचूनच लिहिलंय: इलेक्ट्रॉनिक किंवा डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही हाच हक्क लागू आहे. व्हॉट्सॲपवरची पीडीएफ त्यात आली. हॉस्पिटल जनरल आहे, वेड्यांचं नाही, म्हणून हा कायदा आम्हाला लागत नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मानसिक रुग्णांना दाखल करून घेणारी जनरल हॉस्पिटलंही त्यात येतात.

गोपनीयतेला अपवाद आहेत, आणि मुख्याध्यापक त्यातल्याच एकाचा आधार घेऊ पाहताहेत. दुसऱ्या व्यक्तीला इजा होण्याचा धोका असेल तर माहिती देता येते, हे खरं. पण नेमका धोका काय ते समोर असावं लागतं, आणि तो टाळायला लागेल तेवढीच माहिती द्यायची असते. शिवाय हे ठरवणार उपचार करणारे डॉक्टर. शाळेच्या क्लार्कनी फोन केला आणि रिसेप्शननी फाइल पाठवली, याला धोक्याचं मूल्यमापन म्हणत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी शाळेला कसलाही इशारा दिलेला नव्हता. उलट कामावर रुजू व्हायला तुम्ही योग्य आहात असं त्यांनी लिहून दिलं. मुलांच्या सुरक्षेची काळजी असलेल्या मुख्याध्यापकांनी तोच कागद वाचायला हवा होता. दुःखात बुडालेल्या आणि त्यातून उपचार घेऊन वर आलेल्या बाईला मुलांसाठी धोका ठरवणं, याचा मला मनापासून राग येतो.

डॉक्टरांवर आणखी एक बंधन आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतला नियम ७.१४ सांगतो की व्यवसाय करताना कळलेलं रुग्णाचं गुपित डॉक्टरनी उघड करायचं नाही. न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेले रोग, एवढेच अपवाद. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले, म्हणून आजही २००२ चेच चालतात.

शाळेला रजेसाठी किती कळायला हवं? रजेच्या दाखल्यात आजाराचं नाव लिहायची रिकामी जागा असते, हे कबूल. २००२ च्या नियमांना जोडलेल्या नमुन्यातही ती आहे. म्हणजे एका ओळीपुरतं शाळेला कळू शकतं, तेही तुमच्या हातून. फिटनेसच्या दाखल्यात तेवढीही गरज नसते. पण केस पेपरमधली हिस्टरी ही वेगळीच वस्तू आहे. आजारी माणूस डॉक्टरला जे सांगतो ते डॉक्टर शक्यतो त्याच्याच शब्दांत उतरवतात, कारण त्यावरून निदान ठरतं. सासू काय बोलली, नवरा त्या रात्री कुठे होता, मरावंसं किती वेळा वाटलं. हे सगळं तुम्ही बरं होण्यासाठी सांगितलंत. हे कागद चव्हाट्यावर येतात असं कळलं तर पुढची बाई डॉक्टरसमोर तोंडच उघडणार नाही, आणि न बोलण्यानं या आजारात जीव जातात.

आता तो ॲडमिशनचा फॉर्म. तो फॉर्म मी पाहिलेला नाही, पण अशा फॉर्मवर साधारणपणे उपचाराला संमती, बिलाची जबाबदारी आणि विमा असेल तर विमा कंपनीला किंवा तिच्या टीपीएला, म्हणजे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीला, कागद देण्याची परवानगी असते. विम्यासाठी दिलेली परवानगी विम्यापुरतीच. तिचा अर्थ ‘जो फोन करील त्याला फाइल द्या’ असा होत नाही. शाळेचं नाव त्या फॉर्मवर कुठे आहे, एवढंच हॉस्पिटलला विचारा, आणि तोंडी नको, लेखी विचारा.

खरं तर तुमच्या लढाईचं पहिलं पाऊल हे पत्रच आहे. लोक एकदम पोलीस ठाण्यात किंवा वकिलाच्या नोटिशीवर जातात आणि हॉस्पिटलला विचार करून गोष्ट रचायला वेळ मिळतो. साधं पत्र आधी गेलं की ते काहीतरी उत्तर देऊन बसतात, आणि तेच उत्तर पुढे तुमच्या कामी येतं. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना प्रत, असं लिहा:

‘मी आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होते, माझा आंतररुग्ण क्रमांक अमुक. माझी वैद्यकीय कागदपत्रं अमुक तारखेला अमुक मोबाइल क्रमांकावरून माझ्या शाळेतील कर्मचाऱ्याला पाठवण्यात आली. ती कोणाच्या आदेशाने, माझ्या कोणत्या लेखी संमतीच्या आधारे आणि नेमकी कोणती पानं पाठवली, हे मला लेखी कळवावे. संमतीपत्राची प्रत द्यावी. माझ्या संपूर्ण केस पेपरची प्रत मला द्यावी. यापुढे माझ्या लेखी परवानगीशिवाय माझी कोणतीही माहिती कोणालाही देऊ नये. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २८ खाली ही माझी तक्रार समजावी.’

पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती मागून घ्या, त्याचीच प्रत ईमेलनंही टाका. केस पेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असं २००२ चे नियम सांगतात. ‘फाइल हॉस्पिटलची मालमत्ता आहे’ असं काउंटरवर ऐकायला मिळालं तर डगमगू नका. रुग्णाला त्याच्या कागदांच्या प्रती नाकारता येत नाहीत, गोपनीयतेचं कारण खुद्द रुग्णालाच सांगता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्येच स्पष्ट केलंय. मानसोपचाराच्या फाइलमधली एखादी नोंद वाचून तुम्हालाच गंभीर मानसिक त्रास होईल असं डॉक्टरांना वाटलं तर तेवढा भाग ते राखून ठेवू शकतात, पण तसं तुम्हाला सांगावं लागतं. आणि पुढे ढकलू नका: आंतररुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची, एवढंच त्या नियमांचं बंधन आहे.

एक विनंती. रिसेप्शनवरच्या मुलीच्या मागे लागू नका. तिला पाठवायला कुणी सांगितलं असेल, किंवा ‘शाळेतून बोलतोय’ म्हटल्यावर ती गांगरली असेल. कागद कुणाला द्यायचे, विनंती कशी तपासायची हे तिला शिकवणं हॉस्पिटलचं काम होतं. जबाबदार हॉस्पिटलच, आणि तक्रारही हॉस्पिटलच्याच नावे करा.

मोबाइलकडे वळू. ग्रुपवरचे मेसेज रागानं डिलीट करू नका, कुणाला करायलाही लावू नका, आधी पुरावा गोळा होऊ दे. ज्या सहशिक्षिकेवर तुमचा भरवसा आहे तिच्या फोनवरून ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ आणि फाइल दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या आणि चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. कोर्टात असा पुरावा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. ज्याच्या फोनवरून पुरावा घेतला त्यानं ते प्रमाणपत्र द्यायचं असतं, म्हणून मूळ फोन विकू किंवा रिसेट करू नये. एवढं झालं की मग मुख्याध्यापकांना पत्र: फाइल ग्रुपवरून काढा, ज्यांनी उतरवून घेतली त्यांनी पुसल्याचं लेखी द्या, क्लार्कनी कोणत्या अधिकारात कागद मागवले ते सांगा, आणि माझा वर्ग कोणत्या लेखी आदेशानं काढला त्याची प्रत द्या. माझा अंदाज, लेखी आदेश नसेलच.

उद्या तुम्हाला नोकरीवरून काढलं, पदावनत केलं, किंवा राजीनामा द्यायला भाग पाडलं, तर तो मामला वेगळा. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. बडतर्फी किंवा पदावनतीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात अपील करायला आदेश मिळाल्यापासून फक्त ३० दिवस असतात. कोऱ्या कागदावर सही करू नका, ‘तब्येतीच्या कारणास्तव’ असं लिहिलेल्या कुठल्याही अर्जावर तर मुळीच नाही.

आता भावाला सांगायची ती वाट. हॉस्पिटलचं उत्तर आलं नाही, किंवा उडवाउडवीचं आलं, तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करा. २०१७ च्या कायद्यानंच ही मंडळं निर्माण केली आहेत. कायद्यानं दिलेला हक्क मोडला गेला की रुग्ण स्वतः, किंवा त्यानं नेमलेला प्रतिनिधी, तिथे अर्ज करू शकतो. फी नाही. तुमच्यासारखा अर्ज ९० दिवसांत निकाली काढायचा असतो. कामकाज बंद खोलीत चालतं, वर्तमानपत्रवाला तिथे बसत नाही. हॉस्पिटल पुण्यातलं आहे, म्हणून तिथलं मंडळ. या मंडळांची माहिती फार थोड्या लोकांना आहे, आणि माझ्या मते तुमच्यासारख्या प्रकरणात पहिला दरवाजा हाच ठोठावावा, कारण मानसोपचाराची फाइल म्हणजे काय हे तिथे पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही.

मंडळ नुकसानभरपाई मिळवून देण्यासाठी नाही, हेही लक्षात असू द्या. ती हवी असेल तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नं अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येतच एक नवी गोष्ट घातली: ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणं. पैसे भरून उपचार घेतले म्हणजे तुम्ही ग्राहक. पूर्वी अशा तक्रारीसाठी पुण्याला खेटे घालावे लागले असते; आता तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे साताऱ्यातच, दाखल करता येते. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. शाळा मात्र यात प्रतिवादी होत नाही, तिनं तुम्हाला सेवा विकलेली नाही.

डॉक्टरांवर वैयक्तिक कारवाई हवी असेल तर मुंबईची महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. पण डॉक्टरांना या पाठवापाठवीचा पत्ताच नव्हता असं हॉस्पिटलच्या उत्तरातून निघालं, तर ही तक्रार बारगळेल. उत्तर येईपर्यंत थांबा.

आणि गुन्हा? तुम्ही सरळ विचारलंत, मी सरळ सांगते. २०१७ च्या कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम १०८ मध्ये आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२अ मध्ये करार मोडून वैयक्तिक माहिती उघड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण तिथे नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव सिद्ध करावी लागते. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराला हे सगळं उभ्या उभ्या समजावणं तुमच्या आजच्या मनःस्थितीत मी सुचवणार नाही. ही दारं लगेच बंद होत नाहीत, नंतरही जाता येईल, पण मुदत असते: कलम १०८ साठी एक वर्ष, ७२अ साठी तीन वर्षं.

‘आता तर नवा डेटाचा कायदा आलाय’ असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. आलाय, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण माहिती ठेवणाऱ्यांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम चालतात, ज्यांत वैद्यकीय नोंदी आणि मानसिक आरोग्य यांना ‘संवेदनशील’ माहिती म्हटलंय आणि त्रयस्थाला देण्याआधी परवानगी घ्यायला सांगितलंय. तुमची फाइल आणि तुमचा मोबाइल नंबर यांत काही फरक आहे हे नवा कायदा मानतच नाही, ‘संवेदनशील’ हा वर्गच त्यातून गेला. दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. जिची फाइल फिरली तिच्या हातात काही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलम ४३अ देखील तेव्हा रद्द होईल. एवढ्या गाजावाजानं आणलेल्या कायद्यात रुग्णाची ही अवस्था व्हावी, हे मला अजिबात पटलेलं नाही. म्हणूनच ग्राहक आयोगाची वाट मी वर इतकी लांबवून सांगितली.

भावाच्या ‘गावभर होईल’वर आणखी थोडं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका कामगारानं ‘एमएक्स’ या नावानं दाद मागितली होती. एचआयव्ही निघाला म्हणून एका सार्वजनिक कंपनीनं त्याला कामावर घ्यायचं नाकारलं होतं. न्यायालयानं त्याचं नाव उघड होऊ दिलं नाही, आणि काम करायला तो सक्षम असताना केवळ या कारणानं नोकरी नाकारता येणार नाही असा निकाल दिला. आजही कायद्याच्या पुस्तकांत तो ‘एमएक्स’च आहे. पुढे एचआयव्ही-एड्सबद्दलच्या २०१७ च्या कायद्यात नाव दडवून खटला चालवण्याची सोय थेट लिहिली गेली. तुम्ही ग्राहक आयोगात गेलात तर तक्रारीबरोबरच नाव गुप्त ठेवण्याचा आणि केस पेपर बंद पाकिटात घेण्याचा अर्ज द्या. देणं न देणं आयोगाच्या हातात, पण मागायचं ते पहिल्याच दिवशी.

हे वाचणाऱ्या आणखी कुणाची फाइल वेगळ्या आजाराची असेल. एचआयव्ही असेल तर लेखी संमतीशिवाय ती माहिती उघड करता येत नाही आणि तक्रारीसाठी राज्याचा लोकपाल आहे. कायदेशीर गर्भपात केलेल्या बाईचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला २०२१ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वाटा निराळ्या, पण पहिलं पत्र तेच: कोणाच्या लेखी संमतीने?

ताई, पत्र या आठवड्यात जाऊ दे. १५ दिवसांत उत्तर आलं तर ते आणि नाही आलं तर पोस्टाची पावती, एवढं घेऊन साताऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात चौकशी करा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. भावाला सोबत न्या, मंडळाचा अर्ज तिथेच बसून लिहून घ्या.